बर्फावरची सर्वसाधारण सभा

कोल्हापूर जिल्ह्यात खेळाची कुठलीही गोष्ट काढा, ती फिरून कमिटीवर येते. शाहू स्टेडियमवर बावीस पोरं चेंडूमागं पळत असतात, पण गॅलरीतली चर्चा वेगळीच असते. पाटाकडील तालमीनं यंदा कुणाला घेतलं, दिलबहारनं कुणाला सोडलं, खंडोबाची बैठक रात्री किती वाजता उठली. तालीम कुस्तीची, संघ फुटबॉलचा आणि इज्जत अख्ख्या पेठेची, असा तो तिहेरी कारभार. शेजारच्या गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड तेवढंच. आम्ही आजरेकर यात जरा मागं पडलो, कारण जूनमध्ये आमच्याकडं मुक्कामाला आलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत मैदानाचा ताबा सोडत नाही.

म्हणून मी आइस हॉकी खेळतो.

हसू नका. आजऱ्यात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, रसवंतीगृहात आणि मासळीच्या पाटीत, हे मलाही ठाऊक आहे. मी खेळतो ते घरात, टीव्हीसमोर, पायात लोकरी मोजे घालून. पुतण्या कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. गणपतीला आला तेव्हा त्याचं वापरलेलं प्लेस्टेशन घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तुमचा सकाळचा वेळ जात नाही ना? आमच्या टीमला सकाळी एक माणूस कमी पडतो." त्याची रात्र ती माझी सकाळ, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिकडं रात्री नऊला सामना असला की आजऱ्यात हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. मार्चमध्ये तिकडची मंडळी घड्याळ तासभर पुढं ढकलतात, मग इकडं साडेसहालाच उठून बसावं लागतं. नोव्हेंबरात ते पुन्हा मागं येतं आणि मला तासभर झोप परत मिळते. तिकडच्या सरकारनं ठरवायचं आणि आजऱ्यात एका माणसाच्या आंघोळीची वेळ बदलायची!

खेळ असा आहे. ईए स्पोर्ट्‌स कंपनी दरवर्षी एनएचएल नावाचा खेळ काढते. २००८ साली आलेल्या एनएचएल ०९ मध्ये त्यांनी एक सोय केली, की बर्फावरचे सहाच्या सहा खेळाडू वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या घरात बसून चालवायचे. तीन पुढं, दोन मागं, एक गोली म्हणजे गोलरक्षक. त्याआधी बहुतेक वेळा एकच जण सगळ्यांना नाचवायचा. आता प्रत्येकाला एकेक अंग मिळालं, आणि एकेक अंग मिळालं की भांडण आलंच. कोण पास देत नाही, कोण जागा सोडून पळतो, कोण उशिरा येतो. कंपनीच्या सोयीनं एवढ्या तक्रारी मिटेनात, म्हणून खेळणाऱ्यांनी आपल्या आपण लीग काढल्या. वेळापत्रक, नियम, पंचायत, शिक्षा, सगळं स्वतःचं.

आणि इथं माझं भाग्य उजळलं. मी विकास सेवा सोसायटीचा सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. पुतण्यानं लीगची नियमावली दाखवली तेव्हा त्याला वाटलं होतं, काका घाबरतील. मी ती एका बैठकीत वाचली आणि विचारलं, "यात कोरमची तरतूद कुठं आहे?" पुढच्या हंगामात संघाचा जनरल मॅनेजर कोण, हा प्रश्न तिथंच निकालात निघाला.

जनरल मॅनेजर हे नाव मोठं. काम म्हणजे दर रविवारी कोण कुठल्या दिवशी मोकळा आहे याचा तक्ता भरून घेणं. एकाची रात्रपाळी असते, एकाचं बाळ अजून झोपत नाही, एकाला बायकोनं शनिवार बंदी केलेली. पीक कर्जाचे अर्ज भरून घेताना मी जे ऐकलं त्याहून हे काही वेगळं नाही. दुसरं काम खेळाडूंच्या लिलावात बोली लावणं. खरी एनएचएल, म्हणजे तिकडची व्यावसायिक आइस हॉकी लीग, २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात गमावून बसली आणि त्यानंतर प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. आमच्या लीगनं ती पद्धत जशीच्या तशी उचलली, फक्त डॉलर काल्पनिक. उभ्या हयातीत ज्यानं खतांच्या पोत्यांचा हिशेब रुपया-पैशात जुळवला, तो आता सकाळी चहा पिताना एका गोलीवर साठ लाख डॉलर लावतो आणि वीस लाखांसाठी माघार घेतो. हात थरथरतो तो सवयीनं.

स्टँडवरच्या मित्रमंडळींना आधी काळजी होती. "पैसं लावत न्हाईस न्हवं?" एकानं बाजूला घेऊन विचारलं. त्यांची काळजी रास्त होती. ऑनलाइन पत्त्यांनी आणि सट्ट्यानं किती घरं बसली हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यांना मी सांगितलं की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्‌सला खेळ म्हणून मान्यता दिली. म्हणजे मी आता मान्यताप्राप्त खेळाडू. त्यावर तो म्हणाला, "मग एसटीत सवलत मिळंल का बघ."

पण माझी खरी अडचण कायद्याची नाही, भूगोलाची आहे.

सर्व्हर तिकडं, अमेरिकेच्या पूर्व बाजूला. मी इकडं, हिरण्यकेशीच्या काठी. माझ्या बोटानं बटण दाबलं की तो निरोप तारेतून मुंबईला, तिथून समुद्राखालून तांबड्या समुद्रातून युरोपात, मग अटलांटिक ओलांडून पलीकडं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्या बाजूचं टोरांटो धरलं तर मुंबईपासून सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन यायला म्हणजे सेकंदाचा आठवा भाग तरी हवाच, तोही तार नाकासमोर गेली तर. ती वळणं घेत जाते, मधे ठिकठिकाणी थांबते, त्यामुळं माझा निरोप जाऊन उत्तर यायला पाव सेकंद किंवा थोडा जास्तच लागतो. यालाच खेळणारे पिंग म्हणतात आणि ते मिलिसेकंदात मोजतात. माझं २५० च्या खाली क्वचित येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा तर नव्या आवृत्तीचे ते पहिलेच दिवस होते. त्या आठवड्यात मी बर्फावर होतो की बर्फाच्या आठवणीत, हे मला नीट सांगता येणार नाही.

पाव सेकंद म्हणजे किती, हे ऐका. आइस हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड. जोरात मारली की ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग पकडते. पाव सेकंदात अकरा मीटर. निळ्या रेषेपासून गोलची रेषा साडेएकोणीस मीटरवर. म्हणजे समोरच्यानं मारलेली चकती मला काठीवर दिसली आणि मी लगेच बटण दाबलं, तरी ते तिकडं पोचेपर्यंत ती अर्ध्याहून जास्त वाट चालून गेलेली असते. मी पाहतो तो भूतकाळ, आणि मी जे करतो ते पोचेपर्यंत भविष्यकाळ होतो. मधल्या वर्तमानात मी कुठंच नसतो.

मग खेळायचं कसं? चकतीकडं बघायचंच नाही. माणसाकडं बघायचं. तो खांदा कुठं वळवतो, कुणाकडं पास द्यायची त्याची खोड आहे, दमल्यावर तो कुठल्या बाजूला झुकतो, हे लक्षात ठेवायचं आणि तो ज्या जागी येणार त्या जागी आधीच जाऊन उभं राहायचं. सोसायटीत कर्ज मागायला आलेला माणूस दारात चप्पल काढतो कशी, यावरून मार्चअखेर तो येणार की नाही हे आम्ही ओळखायचो. तोच धंदा इथं उपयोगी पडतो. तरुण पोरं चपळाईवर खेळतात. मला ती सोय नाही, म्हणून मी चालचलणुकीच्या दाखल्यावर खेळतो. संघातली पोरं म्हणतात, काका चुकीच्या जागी उभे राहतात आणि चकती तिथंच येते. (पुतण्यामुळं सगळा संघच मला काका म्हणतो. हॅलिफॅक्सचा एक गोरा गडी तर "काका-जी" म्हणतो, जी कुठून आणला देव जाणे.)

हा हॅलिफॅक्सवाला बचावात माझा जोडीदार. आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आवाज मात्र घरातले सगळे ओळखीचे झालेत. त्याच्याकडं भांडी घासायचं यंत्र घरघरतं, बर्फ पडला की बाहेर कुणीतरी फावड्यानं खरडत असतं. माझ्याकडून त्याला कुकरच्या शिट्ट्या जातात, आणि चार महिने पाऊस. आमच्या पडवीवर पत्रा आहे. पहिल्यांदा त्याला वाटलं, माझा माइक बिघडलाय. पाऊस आहे म्हटल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, असाच राहू दे. आता जुलैत सामना नसला तरी तो कधी कधी येऊन बसतो. त्याला बर्फाचा कंटाळा, मला पावसाचा, आणि खेळतो काय तर दोघं मिळून बर्फावर!

पावसाबरोबर वीज जाते हे ओघानं आलं. मी मधेच गायब झालो की माझ्या जागी संगणक खेळायला लागतो. तो माझ्यापेक्षा बरा खेळतो, असं पुतण्याचं मत आहे. एकदा मी परत आलो तेव्हा आम्ही दोन गोलांनी पुढं होतो, आणि कुणीच मला "या" म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी मी इन्व्हर्टर घेतला.

घरच्यांचं सहकार्य आहे, अटींवर. साडेसातला डेअरीचं दूध तापत असतं. "अहो, दूध बघा," हे स्वयंपाकघरातून आलं की मी संघाला कळवतो, एक मिनिट बचाव सांभाळा. ऐन पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा संघ एकानं कमी असताना, दुधाकडं गेलेला बचावपटू लीगच्या इतिहासात मी एकटाच असावा. नियमावलीत त्याला शिक्षा नाही, मी तपासलंय.

शिक्षेवरून आठवलं. या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शिक्षेची पेटी. किरकोळ आगळीक केली की दोन मिनिटं त्या पेटीत बसायचं आणि तेवढा वेळ तुमचा संघ एकानं कमी. एनएचएलमध्ये तर सरळ मारामारी केली तरी पाच मिनिटं बसून परत यायची मुभा आहे. शर्ट ओढायचा, गुद्दे घालायचे, मग काचेआड शांत बसायचं, पाच मिनिटांनी पुन्हा कामाला. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत अशी पेटी असती तर कितीतरी माणसं आज एकमेकांच्या लग्नकार्यात जेवली असती. आमच्याकडं सभेत एकदा आवाज चढला की शिक्षा पुढच्या पिढीपर्यंत चालते.

देशात हा खेळ खऱ्या बर्फावर खेळणारी माणसं आहेत, त्यांचंही सांगायला हवं. सिमल्याची उघड्यावरची रिंक १९२० सालची. आइस हॉकी असोसिएशन १९८९ ला स्थापन झाली. खेळाचा जीव मात्र लडाखमध्ये, तिथं रात्री मैदानावर पाणी सोडायचं आणि सकाळी त्यावर खेळायचं. २०१६ मध्ये भारताच्या मुलींना पहिल्यांदा तैपेईला आशियाई स्पर्धेला जायचं होतं तेव्हा पैसे नव्हते. ते लोकवर्गणीतून उभे राहिले. पुढच्या वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ हरवलं आणि पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. लोकवर्गणी म्हटल्यावर मला त्या पोरी एकदम घरच्या वाटायला लागल्या. पावतीपुस्तक कुणी सांभाळलं असेल, हा विचारही मनात येऊन गेला; सचिवाची सवय जात नाही. निवृत्तीनंतर पगाराची उणीव तेवढी भासत नाही, हजेरीपटाची भासते. कुणीतरी रोज आपलं नाव पुकारावं आणि आपण नसलो तर शेरा मारावा, एवढंच हवं असतं. लीगमध्ये सामन्याआधी दहा मिनिटं हजेरी घेतात. मी बारा मिनिटं आधी येतो.

सध्या मात्र वातावरण तापलंय. लीगचा कमिशनर तेवीस वर्षांचा आहे, कॉलेज करून हा कारभार सांभाळतो, पोरगा हुशार. पुढच्या हंगामासाठी त्याच्याकडं एक ठराव आलाय: पिंग २०० च्या वर असलेल्या खेळाडूला बचावात उतरवू नये. नाव कुणाचंच घेतलेलं नाही, पण लीगमध्ये २०० च्या वर मी एकटाच. अशा ठरावांना मी ओळखतो. आमच्या सोसायटीतही "साठ वर्षांवरील सभासदांनी" असं सुरू होणारं एक निवेदन आलं होतं आणि साठीवरचा संचालक एकच होता.

मी रीतसर हरकत घेतली. नोटीस पुरेशी आधी मिळाली नाही, विषयपत्रिकेवर विषय नव्हता, हितसंबंध असलेल्या मॅनेजरांनी मतदान करू नये. कमिशनरनं तीन दिवस उत्तर दिलं नाही. मग विचारलं, काका, हितसंबंध नसलेला मॅनेजर आपल्याकडं आहे कोण? मुद्दा बरोबर होता, म्हणून मी तो इतिवृत्तात घ्यायला लावला.

फिनलंडचा एक गोली आमच्या बाजूला आलाय. त्याचं पिंग १३० च्या आसपास. आज २०० ची मर्यादा आली तर उद्या १०० ची येईल, हे त्याला पटलं. हॅलिफॅक्सवाला तर घरचाच. तक्त्याप्रमाणं अजून तीन मतं हवीत. त्यातल्या एकाचा संघ गेल्या वर्षी आमच्यामुळं बाद झाला, त्याला भेटायला कोण जाणार यावर चर्चा चालू आहे. दरम्यान मी दुरुस्तीचा मसुदा केलाय: पिंगची मर्यादा फक्त गोलीपुरती असावी, आणि बचावपटूबाबतचा निर्णय संबंधित संघाच्या मॅनेजरवर सोडावा. सूचक म्हणून माझं नाव घातलंय. अनुमोदक पाहतोय.