सादरीकरण उघडले नाही, सबब

सरकारदरबारी एखादा कागद उघडत नाही, ही काही नवलाची गोष्ट नव्हे. चौकशी आयोगांचे अहवाल, बढत्यांवरचे गोपनीय शेरे आणि तक्रारींचे लखोटे यांनी मिटल्या अवस्थेत वर्षानुवर्षे काढावीत हा आपल्या प्रशासनाचा जणू कुलाचार आहे, आणि त्यापायी कोणी घामाघूम झाल्याचे ऐकिवात नाही. परंतु तीच गोष्ट सभागृहातील पांढऱ्या पडद्यासमोर, पालकमंत्री स्थानापन्न झाल्यावर आणि चहाचा पहिला पेला रिता झाल्यावर घडली, म्हणजे जी धावपळ उडते, ती प्रत्यक्ष दुष्काळ पडल्यावरही उडत नाही.

परवा एका जिल्ह्याच्या ठिकाणी उन्हाळी पाणीटंचाईची आढावा बैठक भरली होती. आराखडा पेन ड्राइव्हवर होता, पेन ड्राइव्ह संगणकात होता, आणि सादरीकरण मात्र कोठेच नव्हते. चिन्हावर दोनदा टिचकी मारली की पडद्यावर एक लहानशी चौकट येई, तीत दोनतीन ओळींचा मजकूर असे, आणि तो कोणाच्या नजरेस पडण्यापूर्वीच ‘ओके’ दाबून तिची बोळवण होई. प्रथम हे कार्य अव्वल कारकुनाने केले. त्याच्या टिचकीत पुरेसे वजन नसावे या समजुतीने मग नायब तहसीलदारांनी, आणि त्यांच्याही हाताला यश नाही असे पाहून उपजिल्हाधिकाऱ्यांनी माउस हाती घेतला. हुद्द्यागणिक टिचकीचा आवाज वाढत गेला, पण चौकट आपल्या मजकुरावर ठाम राहिली. यंत्राला सेवाज्येष्ठता कळत नाही, हा त्याच्या घडणीतला मूलभूत दोष आहे. मग पेन ड्राइव्ह काढून त्यावर फुंकर मारण्यात आली, तो दुसऱ्या खाचेत बसवण्यात आला, प्रोजेक्टरची वायर हलवण्यात आली, आणि अखेरीस संगणकच बंद करून पुन्हा सुरू करण्यात आला. चौकट परत आली.

मला या सर्व प्रकारात कौतुक वाटले ते त्या चौकटीचे. आपण काम का करीत नाही याचे कारण लेखी, विनाविलंब, आणि विचारणाऱ्याच्या हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता देणारा दुसरा कोणताही घटक त्या सभागृहात उपस्थित नव्हता. परंतु ज्यांची उभी हयात वरचा मजकूर न वाचता खाली सही करण्यात गेली, त्यांना ‘ओके’ ही देखील सहीचीच एक जागा वाटावी, यात त्यांचा तरी काय दोष?

वास्तविक या अवजाराची कुळकथा फार जुनी नाही. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या एका लहानशा कंपनीत सिद्ध केलेले पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनीच खरेदी केली. त्या पहिल्या आवृत्तीचे मुख्य काम काळ्यापांढऱ्या पारदर्शिका तयार करून देणे एवढेच होते. पारदर्शिका उलटी लागे, तिरपी लागे, ऐन वेळी दिवा उडे. पण ती उघडत नाही असे म्हणण्याची सोय वक्त्याला नव्हती. ती सोय पुढे प्रगतीने करून दिली.

२००७ च्या ऑफिसबरोबर पीपीटीची जागा पीपीटीएक्सने घेतली, आणि फाइलीचे स्वरूपच पालटले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुटे कागद जसे रुमालात बांधून ठेवतात, तशी ही नवी फाइल म्हणजे एक गाठोडे असते: प्रत्येक स्लाइडचा कागद वेगळा, प्रत्येक चित्र वेगळे, आणि आत काय काय आहे याची यादी अगदी शेवटी. नक्कल पूर्ण होण्याच्या आत घाईने पेन ड्राइव्ह उपटला, किंवा ईमेलवरून उतरवताना वीज गेली, तर नेमकी ही यादीच मागे राहते, आणि बाकी सारा ऐवज जागच्या जागी असूनही यंत्र गाठ सोडायला नकार देते. याउलट २००३ च्या जुन्या ऑफिसला हे गाठोडे शाबूत असतानाही, जोडसामग्री बसवल्यावाचून, सोडता येत नाही. अशा वेळी नावातला शेवटचा एक्स खोडून टाकला म्हणजे फाइल जुनी होते, अशी एक दृढ श्रद्धा कचेऱ्यांतून आढळते. योजनेचे नाव बदलले की योजना नवी होते असे मानणाऱ्यांकडून निराळी अपेक्षा करणेही चूक ठरेल.

काही वेळा यंत्र स्वतःच दुरुस्तीची तयारी दाखवते. ही दुरुस्ती म्हणजे जे वाचता आले नाही ते वगळणे होय. परिणामी आकडेवारीची पाने कोरी होतात आणि ‘धन्यवाद’ हे अखेरचे पान शाबूत राहते. मराठीचे हाल आणखी वेगळे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालापासून आहे, तरीही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला आराखडा तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की तालुक्यांच्या नावांऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची एकच झुंबड उडते. अशा पानावरही एका अधिकाऱ्याने खंड न पडू देता दहा मिनिटे विवेचन केल्याचे मी ऐकले आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आणि सामायिक फोल्डरातली फाइल दुसऱ्याने आधीच उघडून ठेवली असेल, तर ती अमुक यांच्या वापरात आहे असे यंत्र नावानिशी सांगते. त्याकरिता ते बाजूला एक छोटी छुपी फाइल राखते आणि तीत धारकाचे नाव टिपून ठेवते. कोणते प्रकरण कोणाच्या मेजावर अडले आहे हे असे निःसंकोच जाहीर करण्याची प्रथा मंत्रालयात पडली, तर कित्येक मेजांना रजेवर जावे लागेल.

इकडे बैठकीत, मागल्या रांगेतून एक सरपंच उठले. “साहेब, आमच्याकडं टँकर तीन दिवसांआड येतो, एवढं लिहून घ्या की. त्याला पडदा कशाला पायजे?” त्यांना सौम्य शब्दांत समज देण्यात आली की, त्यांचे गाव स्लाइड क्रमांक १४ वर असून तिथवर पोहोचल्यावर त्यांना बोलता येईल.

शेवटी कंत्राटी संगणकचालक मुलीला बोलावणे गेले. तिने माउसला हात न लावता आधी चौकट वाचली. हा कार्यपद्धतीचा उघड भंग होता. “साहेब, ही फाइल नाहीच. हा शॉर्टकट आहे. फाइल तुमच्या केबिनमधल्या संगणकावर, डी ड्राइव्हमध्ये आहे. इथं डी ड्राइव्हच नाही, असं हे मघापासून सांगतंय.”

म्हणजे साहेबांनी मजकुराऐवजी केवळ संदर्भ आणला होता! शासकीय पत्रव्यवहाराशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना यात वावगे काही वाटू नये. ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली सात पत्रांचे क्रमांक आणि मूळ मुद्द्यावर मौन, अशी खलित्यांची रचना आपण पिढ्यानपिढ्या शिरोधार्य मानीत आलो आहोत. मुलगी म्हणाली, पाच मिनिटांत आणते. परंतु केबिनला कुलूप होते, किल्ली शिपायाकडे होती, आणि शिपाई याच बैठकीसाठी वेफर आणायला गेला होता. तोवर पालकमंत्र्यांची दुसऱ्या बैठकीची वेळ झाली.

इतिवृत्तात ‘तांत्रिक कारणास्तव सादरीकरण होऊ शकले नाही, सबब बैठक तहकूब’ अशी नोंद झाली. सभागृहातील संगणक, प्रोजेक्टर आणि वायर ही तिन्ही कालबाह्य ठरवून नव्या खरेदीची तजवीज करण्याचे ठरले, आणि टँकरचा विषय त्या खरेदीनंतरच्या बैठकीत घेण्याचे सर्वानुमते मान्य झाले. खरेदीचा प्रस्ताव आता तयार असून त्याचेही रीतसर सादरीकरण व्हायचे आहे. मात्र ते पेन ड्राइव्हवर घेण्याची जबाबदारी, गोपनीय बाब कंत्राटी कर्मचाऱ्याच्या हाती देऊ नये या धोरणास अनुसरून, साहेबांनी स्वतःकडेच ठेवली आहे.