बारा जणी, एक दिवाळी

दिवाळी दर वर्षी येते, ही बातमी आमच्या घरी दर वर्षी नव्यानं येऊन थडकते. गणपतीची वर्गणी देऊन झालेली असते. नवरात्रात उपासामुळे खर्च कमी होतो, असा शेंगदाण्या-साबुदाण्याचा भाव न विचारणाऱ्यांचा समज असतो. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बायको वहीचं मागचं पान काढते. तेलाचा डबा, डाळी, सुकं खोबरं, पोरांचे कपडे, कामाच्या मावशींना एक पगार जादा, माझ्या बहिणींच्या ओवाळण्या आणि शेवटी 'इतर'. या 'इतर'मध्ये निम्मी दिवाळी असते. बेरीज सुरू झाली की मी आकाशकंदिलाची वायर शोधायला माळ्यावर चढतो.

यावर आमच्या भागातला रामबाण उपाय म्हणजे भिशी. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेले पैसे काढायचे, जमलेली रक्कम एकीनं उचलायची, पुढच्या महिन्यात दुसरीनं. सणासाठी पैसे बाजूला टाकण्याची अक्कल फक्त आपल्यालाच आहे असं मात्र नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका ट्रस्ट कंपनीनं १९०९ साली ख्रिसमस क्लब काढला. वर्षभर थोडे थोडे भरा, डिसेंबरात एकदम न्या. तिकडे त्यासाठी अख्खी कंपनी लागली. इकडे एक स्टीलचा डबा आणि एक खमकी बाई पुरते.

माझी सासुरवाडी साताऱ्याची आणि घर सांगलीत, त्यामुळे दोन्ही गावांच्या भिश्या मी जवळून, म्हणजे चहाचे कप उचलता उचलता पाहिल्या आहेत. सातारा हे पेन्शनरांचं गाव, त्यात फौजींचा जिल्हा. सासूबाईंची चिमणपुऱ्यातली भिशी दुपारी चारला म्हणजे चारलाच सुरू होते. चार वाजून पाच मिनिटांनी आलेल्या बाईला कोणी बोलत नाही, फक्त सगळ्याजणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. मागच्या महिन्याचं कॅलेंडर फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायची, चिठ्ठीची घडी चार पदरी घालायची, डबा तीनदा हलवायचा आणि शेजारच्या लहान पोराकडून चिठ्ठी उचलायची. पोर सगळ्यात निःपक्षपाती, असा समज. आमच्या चिरंजीवांनी लहानपणी हे पद काही वर्षं भूषवलं. आजीची चिठ्ठी निघाली तर कंदी पेढा मिळतो हे त्याच्या ध्यानात आल्यावर तो डब्यात फार वेळ हात फिरवू लागला. तेव्हा त्याला निवृत्त करण्यात आलं.

सांगली हे बाजारपेठेचं गाव. इथं हळदीचे सौदे होतात, गुळाचे होतात, बेदाण्याचे होतात. मग पैशाचे का नकोत? म्हणून इथल्या व्यापाऱ्यांत लिलावाची भिशी. वीस जणांनी पाच-पाच हजार काढले की लाख जमतात. ज्याला जास्त नड तो म्हणतो, आठ हजार सोडतो, मला द्या. तो ब्याण्णव हजार घेऊन जातो आणि सुटलेल्या आठ हजारांतून प्रत्येकाच्या वाट्याला चारशे येतात. दिवाळीआधीच्या महिन्यात बोली अशी चढते की, किती सोडलं यावरून कोणाच्या दुकानात यंदा माल किती भरला आणि कोणाची उधारी किती अडकली, हे मारुती रोडवर चहा पिता पिता कळतं.

आता मूळ अडचण. भिशीत बायका बारा आणि दिवाळी एक. आमच्या सोसायटीतली भिशी जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते, दरमहा दोन हजार, उचल चोवीस हजार. इथं चिठ्ठी नाही. सगळ्यांच्या संमतीनं नंबर ठरतात. 'संमती' हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी जानेवारीतल्या त्या सभेला बाल्कनीत उभं राहावं. ऑक्टोबरचा नंबर सगळ्यांना हवा असतो आणि तसं एकही जण उघड म्हणत नाही. 'माझं काय, कधीही चालेल' या वाक्यानं सुरुवात होते. मग एकीला घराला रंग द्यायचा असतो. दुसरीचा मुलगा हैदराबादहून सहकुटुंब येणार असतो. तिसरी शेवटपर्यंत गप्प बसते आणि मग हळूच म्हणते, 'आमच्या लेकीचा पहिला दिवाळसण आहे.' संपलं. पहिल्या दिवाळसणापुढं रंग, मुलगा, हैदराबाद सगळं फिकं. नवा जावई म्हणजे हुकमाचा एक्का. जिची लेक अजून अकरावीत आहे ती त्या क्षणी मनातल्या मनात वर्षं मोजते.

उरलेल्या अकराजणींची दिवाळी भिशीनं कशी सुटते? नाही सुटत. फेब्रुवारीत उचललेले चोवीस हजार दिवाळीपर्यंत टिकवणं म्हणजे उन्हाळ्यात दारात बर्फ ठेवून तो वितळणार नाही म्हणणं. आमचा नंबर एकदा एप्रिलमध्ये लागला. दिवाळीसाठी म्हणून पैसे कपाटात, साडीच्या घडीत ठेवले. मे महिन्यात लग्नाचे आहेर आले, जूनमध्ये शाळेची फी आली, आणि आषाढात ती साडी एकटीच घडीत उरली. ऑक्टोबरात मात्र दोन हजारांचा हप्ता ठरल्या दिवशी हजर. म्हणजे ऐन दिवाळीत घरात पैसे यायच्या ऐवजी घरातून गेले, तेही दुसऱ्याच्या जावयासाठी.

या सगळ्यात शहाणी एकच. मिरजेच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर आमच्या भिशीत आहेत. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना काढला, त्या परंपरेतलं त्यांचं घराणं. आजीपासून सगळ्या नर्स. जानेवारीच्या सभेत सिस्टर शांतपणे सांगतात, 'मला डिसेंबर द्या.' शेवटचा नंबर म्हणजे आपले पैसे वर्षभर दुसऱ्यांनी वापरायचे, म्हणून बाकीच्या त्याला नाक मुरडतात. सिस्टर मात्र पाच तारखेला चोवीस हजार उचलतात आणि वीस तारखेला त्यांच्या स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण भाजल्याचा वास जिन्यापर्यंत येतो. करंजी, चकली, शंकरपाळी सगळं आपलंच, फक्त दोन महिने उशिरा आणि सोबत केक. पहिला नंबर घेणारी बिनव्याजी कर्ज घेते, शेवटचा घेणारी बचत करते आणि मधल्या आपण काय करतोय याचा विचार करत हप्ते भरतात. कार्लाइलच्या कंपनीनं जे केलं ते आमच्यात एकट्या सिस्टरनाच जमलं आहे.

दिवाळीसाठी खरी सोय फंडाची. खेड्यापाड्यात आणि गल्लीबोळांत याला भिशीच म्हणतात, पण यात नंबर नाहीत. दर आठवड्याला शंभर रुपये टाकायचे, जमलेला पैसा सभासदांनाच शेकडा दोननं कर्जाऊ द्यायचा आणि दिवाळीच्या आधी मुद्दल-व्याज सगळं वाटून टाकायचं. त्याला भिशी फुटणं म्हणतात, आणि ती फुटण्याच्या दिवशी गल्लीत लवंगी माळेपेक्षा जास्त आवाज होतो. काही ठिकाणी प्रत्येकानं कर्ज उचललंच पाहिजे असा नियम असतो. नाहीतर व्याज येणार कुठून? माझ्या मेहुण्याला पैशाची गरज नव्हती, तरी नियमाखातर त्यानं पाच हजार उचलले. घरात आलेच आहेत तर म्हणून एक मिक्सर घेतला. दिवाळीत त्याच्या हातात चारशे रुपये व्याज आलं तेव्हा केवढा आनंद! ते त्यानंच भरलेल्या व्याजातून परत आलेत हे सांगायचं मी टाळलं. पाडव्याला बायकोचं माहेर दुखवू नये.

हिशेबी लोक विचारतात, भिशीपेक्षा बँकेत रिकरिंग काय वाईट? दरमहा दोन हजार, साडेसहा टक्के, वर्षाअखेर साडेआठशेच्या आसपास व्याज. भिशीत व्याज शून्य. उलट जिच्या घरी बैठक तिनं चहाबरोबर 'एकच पदार्थ' करायचा असा नियम, आणि तो एक पदार्थ मार्चमधल्या पोह्यांपासून जुलैपर्यंत पावभाजी, जिरा राईस आणि गुलाबजाम इथवर पोचतो. तरी मी भिशीच्या बाजूचा आहे. रिकरिंग मोडायला मोबाइलवर एक अंगठा पुरतो आणि बँक 'का हो?' म्हणून विचारत नाही. भिशीचा हप्ता चुकवायचा तर खजिनदार काकूंना तोंड दाखवावं लागतं. काकू भांडत नाहीत. 'असू दे, अडचण असेल,' म्हणतात, आणि हे वाक्य जिन्यात सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात. बँक बचतीवर व्याज देते, भिशी बचतीला लाज देते. आणि आमच्यासारख्यांना लाजेचा दर जास्त परवडतो.

शिवाय हिशेब. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांनी महिला बँक काढायला घेतली तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून परवाना आधी नाकारला गेला. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, पण व्याजाचा हिशेब तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. आमच्या काकूंची वही पाहिली की मला हे पटतं. वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत. हिशेब सगळा काकूंच्या डोक्यात आहे, आणि डोक्याला ऑडिट नाही.

इथंच पाल चुकचुकते. कायद्याच्या लेखी भिशी म्हणजे चिटच. १९८२ च्या चिट फंड कायद्यानं मुळात फक्त शंभर रुपयांपर्यंतच्या चिटला सूट दिली होती, आणि शंभरात आज पाव किलो चिरोटे येत नाहीत. इंग्लंडात फेअरपॅक नावाच्या कंपनीकडे लाखाहून जास्त माणसं ख्रिसमससाठी वर्षभर पैसे भरत होती. २००६ च्या ऑक्टोबरात कंपनी बुडाली आणि सण दारात असताना हातात काही नाही. आपल्याकडेही भिशी चालवणारा दिवाळीच्या तोंडावर कुलूप लावून गेला, अशी बातमी अधूनमधून पेपरात असतेच. त्यामुळे माझा नियम साधा: ज्या बाईचं घर, माहेर आणि भाजीवाला मला ठाऊक आहे, तिच्याच डब्यात पैसे.

डब्याची खरी किंमत मात्र २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळली. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेलं आणि गावभाग, मारुती रोड पाण्याखाली. भिशीतल्या दोघींच्या घरात छातीइतकं पाणी होतं. नंबर नोव्हेंबरवालीचा होता की सप्टेंबरवालीचा, ते कोणी काढलं नाही. त्या महिन्याची आणि पुढच्या महिन्याची उचल त्या दोघींना गेली. ज्यांचे नंबर मागं गेले त्यांनी एक अक्षर काढलं नाही, पुढच्या जानेवारीपर्यंत. मग काढलं, आणि ऑक्टोबरही मिळवला.

तरी शिस्तीची बचत म्हणाल तर ती आमच्या गावाकडच्या चुलतभावाची. तो भिशीत नाही. संघाला दूध घालतो. दर दहा दिवसांचं बिल मिळतं आणि लिटरमागे जे राखलेलं असतं ते दिवाळीआधी 'फरक' म्हणून एकदम हातात येतं. कारखान्याचा सभासद म्हणून सवलतीची साखर घरपोच नाही, पण पोत्यानं मिळते. त्याला कोणाचा जावई आडवा येत नाही, चहाबरोबर पदार्थ करावा लागत नाही, आणि म्हैस हप्ता लांबवायला अडचण सांगत नाही. मी हे बायकोला पटवून दिलं. तिलाही पटलं. पण आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर म्हैस चढवायला सेक्रेटरी परवानगी देत नाहीत, तोवर भिशी चालू ठेवणं भाग आहे.