कॅनडात संसार मांडणाऱ्या पाखरांसाठी काही सूचना

सदर सूचना वसंतात दक्षिणेकडून परतलेल्या, गळ्यात गाणे असलेल्या सर्व विवाहेच्छू पक्ष्यांना लागू आहेत. बदकांनी वाचण्याचे कारण नाही. त्यांची पिल्ले अंड्यातून निघतात ती पोहायलाच. आपली दुःखे त्यांना कळायची नाहीत. आपली पिल्ले आंधळी, उघडीवाघडी आणि चोच वासून जन्माला येतात. जेमतेम दोन आठवड्यांत त्यांना घरट्याबाहेर पडण्याजोगे करायचे असते.

प्रथम पत्रिका. ऑन्टारिओतल्या अल्गॉनक्विन उद्यानात पांढऱ्या गळ्याच्या चिमण्या राहतात. (त्यांच्या गाण्यात कॅनडावासीयांना आपल्या देशाचे नाव ऐकू येते. देशभक्ती काय काय ऐकवील सांगता येत नाही.) या चिमण्यांत सगोत्र विवाह जवळजवळ निषिद्ध. गोत्रे दोनच: डोक्यावर पांढरे पट्टे किंवा बदामी पट्टे. दोन्हींत नर असतात, माद्याही असतात. पांढऱ्याने बदामी करावी, बदामीने पांढरी. हे सारे दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रामुळे. त्याचा एक मोठा तुकडा पांढऱ्यांत उलटा बसलेला असतो. पांढरे पट्टे म्हणजे तापट स्वभाव, गाण्याचा सोस, शेजाऱ्यांशी भांडणे आणि नर असल्यास शेजारणीची नको इतकी विचारपूस. बदामी म्हणजे घरकोंबडा, पण पिल्लांना भरवण्यात पुढे.

तेव्हा उपवर माद्यांनी नराच्या गाण्यावर भाळू नये, आधी कपाळ पाहावे. पांढरा नर पत्करलेल्या बदामी मादीच्या चोचीवर भरवण्याचा मोठा बोजा पडतो. उलट पांढरी मादी आणि बदामी नर या जोडप्यात काम बऱ्यापैकी वाटले जाते. कामवाटपाची बोलणी लग्नानंतर करायची असतात असे माणसे समजतात. इथे ती खरोखरच ललाटी लिहून येतात.

जागेविषयी थोडक्यात. हाऊस रेन जातीचा नर एकाच वेळी अनेक ढोल्यांत काटक्या भरून ठेवतो. मादी सगळे फ्लॅट हिंडून पाहते, एक पसंत करते आणि आतली सजावट स्वतः करते. रॉबिनकडे मात्र माती कालवण्यापासूनचे बांधकाम बहुतांश मादीच करते, तेही पुष्कळदा कुणाच्या तरी दारावरच्या दिव्यावर. घरमालक कुरकुरला तरी रॉबिन मादीने शांत बसून राहावे. अंडी असलेले घरटे हलवणे कॅनडात १९९४च्या स्थलांतरित पक्षी कायद्याविरुद्ध आहे.

अंडी उबवणे. बहुतेक घरांत हे मादीच करते. पण म्हणून नराने मोकळे सुटू नये. चिकडीचा नर बैठक मारलेल्या बायकोला अळ्या आणून भरवतो, आणि ती पंख थरथरवत अगदी पिल्लासारखा हट्ट धरते. डोहाळे पुरवण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. गुलाबी छातीचा ग्रोसबीक त्याहून पुढचा: तो दिवसा स्वतः अंड्यांवर बसतो. बसल्या बसल्या गातोही. घरट्याचा पत्ता गुप्त ठेवावा या प्राथमिक नियमाचे काय, असे त्याला कुणी विचारू नये. बसतोय तर बसू द्यावे.

आता लंगोट. पिल्लाला घास दिला की परत फिरण्याची घाई करू नये. दोन क्षण थांबावे. पिल्लू शेपूट वर करते आणि पातळ पडद्यात बांधलेली पांढरी पुडी हाती देते, म्हणजे चोचीत. पहिले काही दिवस ती गिळून टाकावी. कोवळ्या आतड्यांना सगळे पचत नाही, त्यामुळे पुडीत बरेच सत्त्व शिल्लक असते आणि आईबापांना तरी दुसरे धड खायला कुठे मिळते? पुढे मात्र लांब नेऊन टाकावी, नाहीतर वासावर आणि डागांवर शत्रू येतो. हे काम आई आणि बाप दोघांचे आहे. ‘मला सवय नाही’ ही सबब चालणार नाही.

पिल्ले उडाली म्हणजे सुटलो, असे नव्या बापांना वाटते. रॉबिन नराची खरी बाळंतखोली तिथेच सुरू होते. मादी दुसऱ्या विणीच्या तयारीला लागते आणि छातीवर ठिपके असलेली ती गलेलठ्ठ पिल्ले बापाच्या मागे हिरवळीवर ओरडत फिरतात. गांडूळ समोर वळवळत असताना बापाकडेच पाहून चोच उघडतात. रात्री त्यांना झोपायच्या झाडावर नेणेही त्याच्याचकडे. या काळात त्याचे गाणे ऐकू आले नाही तर मैफलीच्या आयोजकांनी समजून घ्यावे.

लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डांना ही पत्रके पाठवलेली नाहीत. पाणथळीतल्या एकेका नराच्या हद्दीत पंधरापर्यंत माद्या नांदतात. भरवायचे ठरवले तरी कोणाकोणाच्या पोरांना भरवणार?

शेवटची सूचना काऊबर्डबाबत. ही बाई कोकिळेच्या वळणाची. दोनशेहून जास्त जातींच्या घरट्यांत ती अंडी सोडून जाते आणि एका हंगामात चाळीसपर्यंत मजल मारू शकते. रॉबिनने असे अंडे उचलून बाहेर फेकावे. पिवळ्या वार्ब्लरची चोच तेवढी मोठी नसते. तिने नवऱ्याशी वाद घालत वेळ दवडू नये. मॅनिटोबातल्या डेल्टा दलदलीत तिच्या बहिणी करतात तेच करावे. परक्या अंड्यावर, आणि गरज पडल्यास स्वतःच्या अंड्यांवरही, नवी जमीन घालून वर नव्याने अंडी द्यावीत. पुन्हा तोच प्रकार झाल्यास पुन्हा मजला चढवावा. सहा मजल्यांपर्यंतची नोंद आहे. नगरपालिकेची परवानगी लागत नाही.