काकाजी पाहून घेतील

आमच्या गावाचं नाव नुसतं तळेगाव सांगून भागत नाही, पुढे कंसात श्यामजी पंत लावावं लागतं. महाराष्ट्रात तळेगावं बरीच. पुण्याजवळचं दाभाड्यांचं, अमरावती जिल्ह्यातलं शंकरपटाचं दशासर, आणि वर्ध्याच्या आष्टी तालुक्यातलं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं आमचं. वॉशिंग मशीन बिघडली आणि कंपनीच्या फुकटच्या नंबरावर फोन लावला, की पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारते, "तळेगाव दाभाडे ना सर?" तिला श्यामजी पंत समजेपर्यंत बादलीत भिजवलेले कपडे वास मारू लागतात. तक्रार नोंदवणं आणि कंपनीचा मुलगा दारात उभा राहणं, यांच्या मधला हा जो काळ आहे, तो संपूर्णपणे काकाजींच्या मालकीचा.

काकाजी एसटीतून निवृत्त झाले. गावात आगार असल्यामुळे निवृत्त मेकॅनिक इथे दुर्मीळ नाहीत. पण बाकीचे शेतीत, भजनात, नातवंडांत रमले; काकाजींनी फक्त गिऱ्हाईक बदललं. जन्मभर डिझेल इंजिनं उघडलेल्या या माणसाला कूलर, मिक्सर, इन्व्हर्टर हे सगळे एकाच कुळातले वाटतात. कुठेतरी एअर धरलेली असते आणि ती काढायची असते. शर्टाच्या खिशात, जिथे मास्तर लोक पेन लावतात, तिथे त्यांचा टेस्टर. लांब पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात, तेव्हा घरातले लोक आपोआप कुजबुजत बोलू लागतात. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, पण निदान झाल्यावर. त्यामुळे काही घरांत चहा तीनतीनदा गरम करावा लागतो.

त्यांच्या स्वतःच्या घरी अर्धी-ऑटोमॅटिक मशीन आहे. बादलीने पाणी ओतायचं, चावी फिरवायची. ती कधीच बिघडली नाही, आणि याचं काकाजींना दुःख आहे. "तिच्यात पाहासारखं काहीच नाही," असं ते एखाद्या नापास मुलाबद्दल बोलावं तसं बोलतात.

शेजारच्या घरी समोरून दार उघडणारी, पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आली, तेव्हापासून काकाजींची तिच्यावर नजर होती. मे महिन्यात तिने पाणी घेणं बंद केलं. दार लागलं, टक् आवाज झाला, आत बारीक घूं सुरू झालं आणि धार काही येईना. थोड्या वेळाने पडद्यावर इंग्रजी आय आणि ई ही दोन अक्षरं उमटली. ठरलेल्या वेळात पाणी आत पोचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काकाजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"पाहा, 'आई' म्हणून राहिली. म्हणजे दुखणं आतलं आहे."

घरच्या वहिनी संत्र्याच्या बागेत रोज जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काकाजी, मागच्या नळाशी पाहा न एकदा."

"सूनबाई, नळाचं सगळ्यांले समजते. मशीनचं समजलं पाहिजे."

काकाजींचा स्वभाव या एका वाक्यात आहे. साधं कारण त्यांना चालत नाही. तोटी बंद असणं, मागचा पाइप भिंतीशी दबून मुडपणं, असली कारणं त्यांच्या मते ज्यांनी आयुष्यात इंजिन उतरवलं नाही त्यांच्यासाठी असतात. शिवाय ते चुकीचंच बोलतात असंही नाही, आणि हीच तर अडचण. दार नीट लॉक झाल्याशिवाय समोरच्या दाराची मशीन पाणी घेत नाही, हे त्यांनी टक् आवाजावरून बरोबर ओळखलं. घूं म्हणजे व्हॉल्व्हच्या कॉइलला करंट मिळतो आहे, हेही बरोबर. मग ते गच्चीवर गेले. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. एक मीटर उंचीला किलोच्या दहाव्या भागाइतकाच दाब मिळतो, आणि पुष्कळ मशिनींना निदान तीन मीटरचा तरी लागतो. टाकी काठोकाठ असली तर जेमतेम जमतं, अर्धी झाली की व्हॉल्व्हचा पडदा उचलला जात नाही. उन्हाळ्यात कूलरच रोज टाकी रिकामी करतो. हे सगळं काकाजींनी गच्चीवर भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, इतकं सुरेख समजावलं की आम्ही मान डोलावली. फक्त त्या वेळी टाकी पूर्ण भरलेली होती.

"मग प्रेशरचं नाही," ते न डगमगता म्हणाले. निदान चुकलं म्हणून काकाजी कधी खट्टू झालेले पाहिले नाहीत. एक कारण कटलं म्हणजे उरलेल्यांची लायकी वाढली, असा त्यांचा हिशेब.

खाली येऊन त्यांनी मशीनच्या पायाशी असलेलं छोटं झाकण उघडलं. "फिल्टर इथे राहते." फिल्टर होतंही तिथे, पण ते बाहेर जाणाऱ्या पाण्याचं. आधीच्या धुण्यातलं उरलेलं पाणी भसकन फरशीवर आलं आणि पाठोपाठ एक रुपयाचं नाणं, दोन साडीपिना, शर्टाचं बटण आणि दोऱ्यांचा एक बोळा. काकाजींचा चेहरा उजळला. नाणं त्यांनी पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवलं. न येणाऱ्या पाण्याशी या नाण्याचा काय संबंध, हे विचारायची हिंमत घरातल्या बाबूला झाली नाही. वहिनी पोछा आणायला गेल्या.

नंतर पाण्याची पातळी सांगणारी बारीक नळी झाली. टबातलं पाणी वर चढतं तशी त्या नळीतली हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून मशीनला कळतं की आता पुरे. ती तुंबली तर रिकामी मशीन स्वतःला भरलेली समजू शकते. काकाजींनी नळी काढून फुंकली, गालफडं फुगवून, डिझेलच्या पाइपात फुंकावी तशी. हवा धरली असणार हा त्यांचा लाडका सिद्धान्त इथे तरी खरा ठरेल अशी त्यांना आशा होती. नळी स्वच्छ निघाली.

मग मात्र ते बाजेवर बसले आणि विचार करून म्हणाले, "आज हिले काही करू नका. बंद ठेवा. मृग बहारासाठी संत्र्याच्या झाडाले पाणी तोडून ताण देतो न, तसा ताण द्या. उद्या आपोआप घेईन पाणी."

संत्र्याचं नाव निघालं आणि वहिनींना राहवेना. पोछा पिळून त्या म्हणाल्या, "काकाजी, बागेत ठिबकाचं पाणी कमी झालं का आम्ही पहिले फिल्टरची जाळी धुतो. इथं पाणी आत घुसते तिथं जाळी नसन का?"

बोअरच्या पाण्यातला चुना हा इकडच्या बागायतदाराचा जुना शत्रू आहे. ठिबकच्या नळ्यांत तो साचतो, म्हणून आम्ल सोडून नळ्या साफ कराव्या लागतात. त्याच बोअरचं पाणी घरच्या टाकीत येतं, ही गोष्ट आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाला सुचली नव्हती. वहिनींनी तोटी बंद केली, पाइपाची चकती हाताने फिरवून सोडवली, पक्कडीने व्हॉल्व्हच्या तोंडातली बोटाच्या पेराएवढी जाळी अलगद ओढली. ती चुन्याने आणि टाकीतल्या गाळाने अशी गच्च झाली होती की तिच्यातून उजेड दिसेना. जुन्या ब्रशने घासली, थोडा वेळ लिंबाच्या रसात ठेवली, परत बसवली. मशीन सुरू केली तर साबणाच्या खणातून खळखळ पाणी आलं.

काकाजी उठून जवळ गेले, पेचकस कानाला लावला आणि बराच वेळ ऐकलं. "निघाली एअर," ते म्हणाले. मग चहा झाला.

पण नुसतं भरलं म्हणून ते समाधानी झाले नव्हते. भरते, पण निघते का, हेही पाहायला हवं. म्हणून सगळे चहाच्या कपांत गुंतलेले असताना त्यांनी सांडपाण्याचा पाइप त्याच्या वाकड्या हुकातून काढून न्हाणीच्या फरशीवर सरळ टाकला. पाण्याले चढ कशाले, उतार असला पाहिजे, हा आगारातला विचार. पाइप वर अडकवलेला असतो तो टबातलं पाणी आपोआप वाहून जाऊ नये म्हणून, हे त्या हुकावर कुठे लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मशीन पाणी घेत सुटली. एकीकडून येत होतं, दुसरीकडून न्हाणीत जात होतं, टब कोरडाच, आणि पडद्यावर पुन्हा तीच दोन अक्षरं. बाबूने कंपनीला फोन लावला. तिथे दाभाड्यांपासून सुरुवात झाली. काकाजींना बोलवावं लागलं नाही, ते आलेच होते.

"काल पाणी येत नव्हतं, आज थांबून नाही राहिलं," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "म्हणजे इनलेट तर फिट झालं, हे मानता का नाही?"

सगळ्यांनी मानलं. तेवढ्यात वहिनींनी पाइप उचलला, मशीनच्या वरच्या कडेइतका उंच नेला आणि खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून टाकला. टबात पाणी चढू लागलं. काकाजींनी गाठ निरखून पाहिली, मान हलवली, सुतळी सोडली आणि त्याच गजाला, त्याच उंचीवर, पाइप पुन्हा आपल्या हाताने बांधला.