प्लाऊवाला

मिशिगनच्या उत्तरेला सुपीरियर सरोवरात घुसलेलं कीविनॉ द्वीपकल्प आहे. तिथे पडलेल्या बर्फाचा हिशेब दाखवायला हमरस्त्याच्या कडेला एक भलीमोठी मोजपट्टी उभी केली आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्याची विक्रमी खूण तिच्यावर ३९०.४ इंचांवर आहे, म्हणजे साडेबत्तीस फूट! अशा मुलखातल्या होटन गावात गल्लीगणिक एक प्लाऊवाला, म्हणजे गाडीपुढे पातं लावून बर्फ सारणारा हौशी गडी, सापडतो. मिशिगन टेकमध्ये शिकायला आलेल्या आपल्या पुण्या-नाशिकच्या पोरांना बर्फ आधी आभाळातून भेटतो, मग याच्या तोंडून.

हा बहुधा निवृत्त. पणजोबा फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेले. एटीव्ही, म्हणजे रानवाटांवर चालणारी छोटी चारचाकी, घेतली ती हरणाच्या शिकारीसाठी. शिकार नोव्हेंबरात आटोपते आणि गाडी गॅरेजात बसून राहते, हे बायकोच्या लक्षात आलं तेव्हा त्याने जाहीर केलं, की गाडी मुळात बर्फ काढायलाच घेतली होती.

तिथला उन्हाळा आखूड. तो सगळा पातं निवडण्यात जातो. जुलैत, अर्ध्या चड्डीत, तो तुम्हाला कुंपणाशी गाठून विचारतो, "५४ इंची घेऊ की ६०?" उत्तराची अपेक्षा नसते. गाडी ४८ इंच रुंद. बर्फ बाजूला सारायला पातं तिरकं करावं लागतं आणि तीस अंशांत ५४ इंचांचे जेमतेम ४७ उरतात; मग चाकं न काढलेल्या बर्फावरून जातात. साठाचे मात्र ५२ उरतात. हे पटवताना तो दोन्ही तळहात असे तिरके करतो की समोरचा नकळत बाजूला सरकतो. प्लॅस्टिकच्या पात्याला बर्फ कमी चिकटतो, हे त्याला मान्य आहे. पण त्याने पोलादी घेतलंय, त्यामुळे प्लॅस्टिकवाल्यांचा विषय तो वाटणीत विहीर बळकावलेल्या चुलत्यांसारखा काढतो.

मग बसवणं. दुपारी जेवायच्या आत उरकणारं काम म्हणून तो शनिवारी सकाळी पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरतो. संध्याकाळी तिथूनच आवाज येतो, की माउंटची प्लेट जुन्या मॉडेलची आली. बदलून आणल्यावर विंचची, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या विजेच्या चरखीची, पाळी. पातं उचलायचं तिनेच, म्हणून बॅटरीपासून वायरी ओढल्या जातात, आणि बटण 'वर' दाबलं की पातं खाली येतं. दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं, पण तो म्हणतो, "मुद्दाम ठेवलंय. चोराला चालवता येऊ नये."

पुढे हवामान खातं हाच त्याचा पंचांगकर्ता. पहिला बर्फ दोन इंच पडतो, जो दुपारी आपोआप वितळला असता. हा पहाटे पाचला बाहेर. पातं जमिनीपासून किंचित वर ठेवणारे स्किड शू नीट लावले नसल्याने ड्राइव्हवेवरची खडी हिरवळीवर जाते. ती एप्रिलमध्ये दाताळ्याने परत आणणं हाही त्याच्या छंदाचाच भाग मानावा. दगडाला अडून पातं स्प्रिंगवर पुढे कलंडलं, तरी "हे असंच व्हायला हवं," असं तो अभिमानाने सांगतो. आणि ते खरंही असतं.

तशी त्याची समज कच्ची नाही. पहिल्याच बर्फाचा ढीग तो लांब मागे ढकलून ठेवतो, कारण कडेला टाकलेला बर्फ दगड होतो आणि जानेवारीत ड्राइव्हवेची पायवाट उरते. शेजाऱ्यांचा बर्फही तो न सांगता काढतो. पैसे घेत नाही, कान घेतो. उणे पंधरात, सकाळच्या लेक्चरला निघालेला पोरगा कानटोपी वर करून विंचची तार का तुटते ते ऐकत असतो: पातं उचलताना ती रोज त्याच जागी वाकते, म्हणून तिच्या जागी पट्टा लावावा.

पायऱ्यांवर मात्र एटीव्ही चढत नाही. तिथला आणि दारापुढचा बर्फ बायको हाताच्या स्कूपने ढकलते. याचं इंजिन तापेपर्यंत तिचं उरकलेलं असतं. ती काही बोलत नाही, फक्त स्कूप त्याच्या गाडीला टेकवून ठेवते.

ड्राइव्हवे चकचकीत झाला की काउंटीचा मोठा प्लाऊ येतो आणि नेमका त्याच्या तोंडाशी कमरेइतका बांध घालून जातो. बाकीची गल्ली त्या ड्रायव्हरचा उद्धार करते. हा मात्र हात हलवून त्याला निरोप देतो आणि पुन्हा गाडीवर बसतो. अशा बांधाला साधं पातं पुरत नाही, व्ही आकाराचंच हवं, असं तो आता मोठ्याने म्हणू लागला आहे. बायको घरात असते तेव्हा जरा हळू.