डायरेक्टर

शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर 'ओ डायरेक्टर' अशी हाक मारली की एकच माणूस मान वळवतो. त्याचा एकही सिनेमा अजून पुरा झालेला नाही, पण तेवढ्यानं काय होतं? निवडणुकीत दोनदा पडलेल्यालाही आपण 'भावी आमदार' म्हणतोच की. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. कॅमेरा माझा, त्यामुळे त्याच्या कलेशी माझं नातं उधारीचं.

मागचा सिनेमा बिबट्यावर होता. तो बिबट्यामुळेच राहिला. न्हावऱ्याच्या उसात रात्री लाइट धरून उभं राहायला कोणी येईना. यंदा आला तो विषय घेऊनच. "ट्रान्झिशन! पुरुषाच्या देहात अडकलेली बाई. फेस्टिव्हलला असलंच चालतं." मग बोटांवर यादी: 'जोगवा' २००९, 'नटरंग' २०१०, 'बालगंधर्व' २०११. "ओळीनं तीन वर्षं मार्केट होतं, आणि मी बारावीत अडकलो होतो." शिवाय २०२३ ची 'ताली' मालिका.

मी म्हटलं, बाबा, ही चार निराळी प्रकरणं आहेत. 'जोगवा'तल्या तायाप्पावर लुगडं देवीच्या नावानं लादलंय, त्याला ते नकोच आहे. 'नटरंग'चा गुणा कागलकर फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. बालगंधर्व शालू उतरवला की घरी नारायणराव राजहंस. आपण बाईच आहोत हे ओळखून तसं जगायला निघालेली एकटी 'ताली'तली गौरी सावंत. डायरेक्टरनं हे शांतपणे ऐकलं. म्हणजे फोन बघत. त्याच्या डोक्यात चौघांचं मिळून एकच झालं होतं: माणूस, साडी, आरसा.

आरसा मिळाला तो लग्नातल्या लोखंडी कपाटाचा. त्यावर लाल रंगात 'सप्रेम भेट' आणि खाली मामांचं पूर्ण नाव, गावासकट. हिरो समोर बसून स्वतःचा शोध घ्यायला लागला की 'सप्रेम भेट' बरोबर कपाळावर यायचं आणि मामा ओठांवर. थिनर लावून पाहिलं, मामा हलेनात. "असू दे," डायरेक्टर म्हणाला, "समाजाचा शिक्का." हिरो म्हणजे त्याचा मावसभाऊ. साडी बघितल्यावर त्याला एकदम कांद्याला पाणी धरायचं आठवलं. गेला तो गेलाच.

मग आम्ही दौंडला. का, तर जंक्शन. "पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं काढून दुसऱ्या टोकाला जोडतात. तोंडाची पाठ, पाठीचं तोंड! याहून मोठं प्रतीक कुठं मिळायचं?" चहावाल्यानं ग्लास विसळता विसळता सांगितलं, "कॉर्ड लाइन झाली ना आता. बऱ्याच गाड्या बाहेरनंच जातात."

प्रतीक बाहेरनंच गेलं, पण पुण्याच्या गाडीत पैसे मागणारी ती तिथं बाकड्यावर भेटली. डायरेक्टरनं हात जोडले. "ताई, तुमच्या वेदनेवर सिनेमा करतोय." तिनं स्क्रिप्ट मागून घेतली आणि चहा संपेस्तोवर वाचली.

"ही आरशासमोर तीनदा रडतीय. कशाला? मी आरशासमोर असते तेव्हा माझी गाडी सुटायला आलेली असते. टिकली सरळ लागली की पळायचं. रडवायचीच तर अर्जाचा सीन टाक. २०१९ चा कायदा आलाय, कलेक्टरकडनं सर्टिफिकेट मिळतं. त्या अर्जात जुनं नाव एकदा लिहावं लागतं. तिथं पेन पुढं सरकत नाही, दादा."

डायरेक्टरनं हे लिहून घेतलं नाही. मी घेतलं.

"मग ताई, तुम्हीच रोल करा."

"करते की. डॉक्टरणीचा."

"अहो, पण मेन रोल..."

"तो मी रोज फुकट करते. गौरीताईंचं काम सुश्मिता सेननं केलं ना? मग मी पण दुसऱ्याचं काम करणार. शाळेच्या गॅदरिंगला मला झाड केलं होतं. त्यानंतर आत्ता कोणी विचारतंय."

नायिका कोण, हा प्रश्न राहिलाच. मी सहज बोलून गेलो, की १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये फाळक्यांच्या अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले होते. डायरेक्टरचे डोळे चमकले. "एका जेवणात दोघं!" तिथंच ठरलं, दिग्दर्शक आणि नायिका एकच.

गेल्या रविवारी चौफुल्याला, संगीत बारीच्या थिएटरांच्या अलीकडं एका शेडमध्ये, पहिला दिवस. डॉक्टरीण पांढऱ्या कोटात वेळेआधी हजर, संवाद तोंडपाठ, स्टेथोस्कोप स्वतःच्या पैशानं आणलेला. नायिकेच्या निऱ्याही तीच घालत होती. "पोट आत घे. आणि पाय असा टाकू नको, ऊस तोडायला निघालास का?" सगळं जमलं, फक्त मिशी राहिली. दोन्ही टोकांना पीळ दिलेली, तूप लावून जोपासलेली. ती वस्तरा घेऊन पुढं झाली तसा डायरेक्टर मागं मागं सरकत कपाटाला जाऊन टेकला. मामांचं नाव पाठीमागं झाकलं गेलं.

"मिशी राहू द्या," तो म्हणाला. "ती माझी ओळख आहे. पोस्टमध्ये काढू."

पोस्ट म्हणजे मी.