रोजचे ८ तास ५३ मिनिटं

तीन वर्षांची पदवी अडीच वर्षांत. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याला होकार दिला. ज्याला झेपेल त्याने सत्रागणिक जास्त विषय घ्यावेत आणि सहाऐवजी पाच सत्रांत पदवी घेऊन बाहेर पडावं. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राअखेर समिती कुवत तपासणार आणि १० टक्के जागांपर्यंत ही मुभा देणार.

कुवत मोजणार कशी? गुणपत्रिका बघून?

आधी तास मोजा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तास धरलेत. वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास, सगळं त्यातच. पदवीला १२० क्रेडिट्स, म्हणजे सत्राला २०, म्हणजे ६०० तास. सत्राचे दिवस ९० धरले तर रोजचे ६ तास ४० मिनिटं. दुसऱ्या सत्रानंतर वेग वाढवला, तर उरलेली ८० क्रेडिट्स तीनच सत्रांत बसवायची. तेव्हा रोजचे होतात ८ तास ५३ मिनिटं.

हे तास सुरतेजवळच्या कामरेजच्या एखाद्या मुलीने कुठून आणायचे? ती सकाळी तिथल्या चौरस्त्यावर बसची वाट बघत उभी असते. सुरतेच्या त्या टोकाच्या कॉलेजात जाऊन यायचं, परत आल्यावर आईबरोबर साड्यांना लेस-स्टोन लावायचे. खानदेशातून आलेलं घर असेल तर प्राथमिक शाळा मराठीतून, शेजार गुजराती आणि कॉलेजची पुस्तकं इंग्रजीत. एकच पान तिला दोनदा वाचावं लागतं. त्या दुसऱ्या वाचनाला कुणी क्रेडिट देत नाही.

आणि लवकर पदवीची गरज सर्वांत जास्त तिलाच आहे. सहा महिने आधी पगार सुरू झाला तर धाकट्याची फी निघते. घाई तिला आहे, सवड मात्र ज्याच्या घरी वेगळी खोली आणि दारात गाडी आहे त्याला. गुण बघून निवडलं की मुभा सवडीकडे जाणार, हे सांगायला समिती कशाला हवी?

जास्त विषय घेऊ नयेत, असं मी म्हणत नाही. कामरेजवरून उत्तरेला जाणारा महामार्ग बडोद्याला पोचतो. त्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथे त्यांनी अर्थशास्त्र घेतलंच, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान यांचेही वर्ग केले. १९१६ मध्ये लंडनला गेल्यावर अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी एकाच वेळी सुरू केली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि दोन्ही अर्धवट सोडून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. १९१७ मध्ये बुद्धी आटली होती का? पैसा आटला होता.

म्हणून दक्षिण गुजरातेतल्या कॉलेजांनी ही योजना राबवताना अर्जात दोन रकाने वाढवावेत: रोज प्रवासात किती वेळ जातो आणि कमाईच्या कामात किती. तास जिथे कमी पडतात तिथे ते विकत घेऊन द्यावेत. घरच्या लेस-स्टोनसारख्या कामातून सुटते तेवढी रक्कम दरमहा विद्यावेतन म्हणून, कॉलेजजवळ वसतिगृहात जागा आणि रात्री दहापर्यंत उघडं ग्रंथालय. ज्या पत्राने जास्तीचे विषय मंजूर होतील, त्याच पत्रात विद्यावेतनाचा आकडा लिहिलेला असावा.